एचआयव्हीच्या भीतीने झोप उडते तेव्हा : सीमाभागातील वाचकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

एचआयव्हीची लागण झालेली नसताना ती झालीच असावी या विचाराने महिनोन्‌महिने आतून पोखरली जाणारी माणसे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कमी नाहीत. ती कोणाच्या नजरेस पडत नाहीत, एवढेच. त्यांचा अहवाल निगेटिव्ह असतो, त्यामुळे एचआयव्हीच्या नोंदवहीत त्यांचे नाव येत नाही. आणि आपला त्रास मनाचा आहे हे त्यांना पटत नाही, त्यामुळे मानसोपचार विभागाच्या नोंदवहीतही ते येत नाही. मधल्या काळात त्यांचे जेवण सुटते, कामावरचे लक्ष उडते, लग्नाची बोलणी टाळली जातात आणि पैसा एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत जात राहतो. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

या भीतीला आपल्या भागात एक इतिहासही आहे. उत्तर कर्नाटकातील बेळगाव, बागलकोटसारखे जिल्हे आणि सीमेपलीकडचे सांगली, कोल्हापूर यांनी एचआयव्हीची झळ देशाच्या इतर अनेक भागांपेक्षा जास्त सोसली. सरकारने मोफत एआरटी उपचार, म्हणजे विषाणूला आवर घालणारी औषधे, सुरू केले ते २००४ साली. त्याआधीच्या वर्षांत ज्यांनी शेजारीपाजारी एखादा तरुण खंगत जाताना पाहिला, त्याच्या अंत्यविधीला माणसे कचरताना पाहिली, त्यांच्या मनात या आजाराचे तेच चित्र कायम राहिले आणि घराघरातून ते पुढच्या पिढीकडेही गेले. आज चाळिशीत असलेल्या माणसाला एचआयव्ही म्हटले की शाळेच्या भिंतीवरची कवटी आठवते. उपचार पूर्ण बदलले, पण भीती मात्र त्याच जुन्या चित्राची राहिली आहे.

पुढे जे सांगायचे आहे त्याचा गाभा असा की, येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. शरीरात विषाणू आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर योग्य वेळी केलेली चाचणी देते आणि ते पक्के असते. ते उत्तर मिळाल्यावरही मन शांत का होत नाही, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर कोणतीही चाचणी कधीच देऊ शकत नाही. पहिला प्रश्न टाळू नये आणि दुसरा प्रश्न पहिल्याच्या साधनांनी सोडवायला जाऊ नये.

सर्वांत आधी : ७२ तासांचा हिशेब

ज्या प्रसंगाची भीती वाटते तो घडून अजून ७२ तास झाले नसतील, आणि तो प्रसंग खरोखर जोखमीचा असेल, म्हणजे निरोधाविना शरीरसंबंध, निरोध फाटणे, वापरलेली सुई टोचणे किंवा लैंगिक अत्याचार यांपैकी काही असेल, तर हा लेख बाजूला ठेवून थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. बेळगावात जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, तेथे अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. तेथे किंवा एआरटी केंद्रात ‘पेप’ या प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. हे औषध २८ दिवस रोज घ्यायचे असते, जितके लवकर सुरू होईल तितके चांगले आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग मानला जात नाही. औषध द्यायचे की नाही हे डॉक्टर प्रसंग ऐकून ठरवतात. म्हणून लाजेपोटी तपशील दडवू नयेत. ‘मित्राबद्दल विचारतोय’ असे सांगून अर्धवट माहिती दिली, तर सल्लाही अर्धवटच मिळतो.

बहात्तर तास उलटून गेले असतील, तर पुढील पायरीकडे यावे. त्या तासांबद्दल हळहळत बसण्यात आता काहीच हशील नाही.

प्रसंग कागदावर उतरवणे

मनात भीती जितकी मोठी असते, तितकी ती कागदावर उरत नाही. कारण कागदावर काय घडले एवढेच लिहावे लागते. तारीख, काय झाले, कोणता द्रव, शरीराच्या कोणत्या भागाशी संपर्क आला, निरोध होता का, सुई नवी होती का, इतकेच लिहावे. ‘कदाचित’, ‘समजा तसे असेल तर’, ‘मला तेव्हा कळले नसेल पण’ अशा शब्दांनी सुरू होणारी वाक्ये कागदाच्या दुसऱ्या बाजूला वेगळी लिहावीत. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या बाजूला चारपाच ओळी होतात आणि दुसरी बाजू भरून वाहते. हा कागद जपून ठेवावा, कारण पुढे समुपदेशकासमोर तोच उपयोगी पडतो आणि महिन्याभराने मन प्रसंगात नवनवे तपशील भरू लागले, की मूळ नोंद कोणती होती हे त्यावरून कळते.

ज्या मार्गांनी एचआयव्ही पसरतो ते मोजके आहेत : लागण असलेल्या व्यक्तीशी असुरक्षित शरीरसंबंध, एकच सुई किंवा सिरिंज दुसऱ्यासाठी वापरणे, दूषित रक्त चढवले जाणे, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना होणारी लागण. रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदद्वारातील स्राव आणि आईचे दूध यांतूनच हा विषाणू जातो. लाळ, घाम, अश्रू यांतून तो जात नाही. एका ताटात जेवणे, मिठी मारणे, हस्तांदोलन, एसटीतील सीट, सार्वजनिक शौचालय, डास यांतून तो होत नाही. शरीराबाहेर पडलेल्या आणि वाळलेल्या रक्तात तो संसर्ग करण्याची ताकद लवकरच गमावतो. त्यामुळे फळात रक्त टोचले आहे, सिनेमागृहाच्या खुर्चीत सुया खोचल्या आहेत, असे जे संदेश वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतात, ते पुढे न पाठवता पुसून टाकावेत.

जोखमीच्या प्रसंगातही शक्यता किती असते, याचा अंदाज अनेकांना नसतो. जोडीदाराला लागण आहे आणि तो उपचार घेत नाही असे गृहीत धरले, तरी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या अंदाजानुसार योनीमार्गे झालेल्या एका असुरक्षित संबंधात स्त्रीला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ८ आणि पुरुषाला होण्याची सुमारे ४ असते. गुदमार्गे संबंधात स्वीकारणाऱ्या व्यक्तीसाठी ती सुमारे १३८ पर्यंत जाते. रुग्णालयात वापरलेली सुई टोचल्यास सुमारे २३ असते. त्यातही भारतात प्रौढांमध्ये लागणीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, कर्नाटकात त्याहून काहीसे अधिक आहे, म्हणजे समोरच्या व्यक्तीला लागण असेलच असे नाही. हे आकडे निष्काळजीपणाला परवाना म्हणून देत नाही. एका प्रसंगाने माणूस अटळपणे बाधित होतो ही जी पक्की समजूत भीतीच्या मुळाशी असते, ती खोटी आहे हे दिसावे म्हणून देत आहे.

न्हाव्याच्या दुकानाचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वस्तऱ्याने कापले, तुरटी लावली, आणि मग आधीच्या गिऱ्हाइकाचे रक्त पात्यावर असेल का, हा विचार सुरू झाला, की माणूस दाढीसाठी बाहेर जाणेच सोडतो. एचआयव्हीच्या प्रसारात या मार्गाला स्थान नाही. तरीही दर गिऱ्हाइकाला नवे पाते मागणे योग्यच आहे, कारण हिपॅटायटिस बी हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. त्याच्यावर लस आहे आणि ती घेऊन टाकावी. याउलट इंजेक्शनची सुई हा खरा मार्ग आहे. २०१८ साली उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बोगस डॉक्टरने सुया पुन्हा वापरल्यावरून एचआयव्हीची मोठी बातमी झाली होती. त्यामुळे खेड्यातील कोणत्याही दवाखान्यात सुई आपल्या डोळ्यांदेखत पाकीट फोडून काढायला सांगावी, आणि जत्रेत गोंदवून घेताना सुई बदलली गेली नसेल तर एकदा चाचणी करावी. एकदाच.

चाचणी : कधी, कोठे, किती वेळा

लागण झाली तरी ती चाचणीत दिसू लागायला काही दिवस जातात. त्या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे हे दोन्ही शोधणारी चौथ्या पिढीची चाचणी, शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केली आणि ती ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगापुरता विषय संपला. फक्त प्रतिपिंडे शोधणारी जलद चाचणी असेल, तर ९० दिवस पूर्ण झाल्यावरचा निगेटिव्ह अहवाल अंतिम मानावा. पेपच्या गोळ्या घेतल्या असतील, तर दिवस कोठून मोजायचे हे त्याच डॉक्टरांना विचारावे. तिसऱ्या, आठव्या, पंधराव्या दिवशी केलेल्या चाचण्यांतून काहीही सिद्ध होत नाही. त्या केवळ काही तासांचा दिलासा विकत घेतात. जोखीम खरी असेल, तर अंतिम अहवाल येईपर्यंत जोडीदाराशी निरोध वापरावा आणि रक्तदान करू नये. आपल्याला लागण झाली का हे फुकटात कळेल म्हणून रक्तपेढीत जाऊन रक्तदान करणारेही आहेत. ते अत्यंत चुकीचे आहे, कारण विंडो पिरियडमधील रक्त दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकते.

सरकारी चाचणी केंद्राला आयसीटीसी म्हणतात. जिल्हा व तालुका रुग्णालयांत ती असतात, चाचणी मोफत असते आणि आधी व नंतर समुपदेशन मिळते. कर्नाटकात फलक कन्नडमध्ये असतो आणि त्यावर समुपदेशनासाठी ‘आप्त समालोचना’ असे शब्द असतात; कन्नड वाचता येत नसेल तर खिडकीवर ‘आयसीटीसी’ एवढे म्हटले तरी पुरते. केस पेपरवर किंवा संमतिपत्रावर काय लिहिले आहे हे समजले नाही, तर मराठीत समजावून देण्याची विनंती करावी. संमती समजून देणे हा तुमचा हक्क आहे. एचआयव्हीविषयीचा केंद्राचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे आणि त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, अहवाल गुप्त ठेवावा लागतो. कोणत्या केंद्रात जावे हे १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येते. तो क्रमांक मोफत आहे.

गावचे कोणी पाहील या धास्तीने खानापूरचा माणूस गोव्याला आणि निपाणीचा माणूस कोल्हापूरला चाचणीसाठी जातो. त्यात चूक काही नाही. चाचणीच न करण्यापेक्षा लांब जाऊन करणे केव्हाही चांगले, आणि सीमाभागातील माणसाला उपचारासाठी राज्याची हद्द ओलांडणे नवीनही नाही. मात्र जो निर्णय घ्यायचा तो एकदा घ्यावा : कोणत्या तारखेला, कोठे, कोणती चाचणी, आणि तिचा अहवाल निगेटिव्ह आला तर मी तो अंतिम मानेन, असे आधीच्याच कागदावर सही करून लिहावे. भीती नसताना केलेला करार भीतीच्या वेळी उपयोगी पडतो.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर? सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्यावरच तसा अहवाल दिला जातो. २०१७ पासून भारतात रक्तातील पेशींचा आकडा न पाहता प्रत्येक बाधिताला उपचार दिले जातात, ते मोफत आहेत, बहुतेकांना रोज एकच गोळी घ्यावी लागते, आणि वेळेवर उपचार घेणारा माणूस जवळपास इतरांइतकेच आयुष्य जगतो. रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या कारखान्यात अशी माणसे रोज कामाला जात आहेत, मुलांना वाढवत आहेत. ज्या आयुष्याची कल्पना करून तुम्हाला रात्रभर घाम फुटतो, ते आयुष्य ती नीट जगत आहेत, हे मनाशी नीट धरावे. भीती कमी होण्यासाठी याचा जेवढा उपयोग होतो तेवढा आकड्यांचाही होत नाही.

निगेटिव्ह अहवालानंतरचे चक्र ओळखणे

खरे अवघड काम येथून पुढे आहे. चिकोडीकडचा, गोव्यात हॉटेलात काम करणारा एक तरुण समोर बसला, तेव्हा त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेले अहवाल काढून टेबलावर ओळीने मांडले. सगळे निगेटिव्ह, शेवटचा प्रसंगानंतर वर्षभराने केलेला. मग मोबाइल उघडून त्याने जिभेचे फोटो दाखवले : सकाळी, दुपारी, बल्बच्या उजेडात, दात घासण्याआधी, घासल्यानंतर. कानाखालची गाठ चाचपून चाचपून तेथील कातडी लालसर झाली होती. गाठ दिवसातून किती वेळा दाबतोस असे विचारल्यावर तो म्हणाला, “मोजलं नाही. हात आपोआप जातोय की तिकडं.” त्याला एचआयव्ही नव्हता, पण त्याला आजार होता आणि त्या आजाराने त्याची नोकरी जवळजवळ घालवली होती.

चक्र असे फिरते. एखादी संवेदना जाणवते, उदाहरणार्थ घशात खवखव. मन लगेच तिला एचआयव्हीचे लक्षण ठरवते. छाती धडधडू लागते. मग माणूस आरशात पाहतो, गाठ दाबतो, मोबाइलवर शोधतो, मित्राला विचारतो किंवा पुन्हा रक्त देतो. थोडा वेळ हायसे वाटते. या हायसे वाटण्यातच खरी मेख आहे : तपासले म्हणून सुटलो, असा धडा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळी तपासण्याची ओढ अधिक जोराने लागते. चाचणीतील शंका कमी होत नाहीत, नव्या निघतात : नळी बदलली असेल, माझ्या शरीरात प्रतिपिंडे उशिरा होत असतील, मला एखादा वेगळाच प्रकार झाला असेल.

लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी येतात; काहींना काहीच होत नाही; आणि हीच लक्षणे साध्या विषाणुजन्य तापातही येतात. दुसरीकडे सततची चिंता स्वतःच शरीरात बरेच काही घडवते. झोप नसल्याने थकवा येतो, जेवण सुटल्याने वजन उतरते, पोट बिघडून जुलाब होतात, तोंड कोरडे पडते, रात्री घाम येतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि गाठ दाबून दाबून ती दुखू लागते व सुजतेही. ही सगळी यादी मोबाइलवर एड्सच्या लक्षणांशी तंतोतंत जुळते. त्रास खरा असतो, त्याचे कारण मात्र माणसाला वाटते ते नसते.

तपासणे थांबवणे

एकदम सगळे सोडून द्या म्हटले, तर बहुतेकांना जमत नाही. आधी आठवडाभर फक्त नोंद करावी : दिवसात किती वेळा आरसा, किती वेळा गाठ, किती वेळ मोबाइल, कोणाकोणाला विचारले. मग त्यातील सर्वांत सोपी सवय आधी घ्यावी. जिभेचे फोटो काढणे थांबवता येत असेल, तर मोबाइलमधील जुने फोटो पुसून तेथून सुरुवात करावी. अवघड सवयींसाठी विलंब वापरावा. गाठ दाबावीशी वाटली, की घड्याळ पाहून पंधरा मिनिटे थांबायचे, पुढच्या आठवड्यात अर्धा तास, नंतर संध्याकाळपर्यंत. या थांबण्याच्या काळात भीती आधी वाढते. ती वाढणे म्हणजे काही बिघडले असे नाही. ती चढते आणि काहीही न करता आपोआप उतरते, हे मेंदूला स्वतः अनुभवू देणे हाच त्यामागचा हेतू आहे.

मोबाइलवर एचआयव्हीविषयी शोधणे मात्र पूर्ण बंद करावे, यात मी कोणालाही सवलत देत नाही. एकदा नीट माहिती घेतली, ती वर दिली आहे, तेवढी पुरेशी आहे. रात्री अकराला उशीखाली मोबाइल घेऊन शोधलेल्या माहितीने आजवर कोणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही.

विचार येऊच नये असा प्रयत्न करू नये. विचार ढकलला की तो दुप्पट जोराने परत येतो. त्याऐवजी दिवसातील एक ठरावीक वेळ, समजा संध्याकाळी सहा ते साडेसहा, चिंतेसाठी राखून ठेवावी. सकाळी विचार आला, तर वहीत एक ओळ लिहावी आणि ‘सहाला पाहू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळावे. सहा वाजता त्या ओळी काढून बसावे. काही दिवसांनी अनेक ओळी वाचताना मनात फारसे काही उठत नाही, असे आढळते.

टाळलेल्या गोष्टींकडे परत जाणे

भीतीमुळे ज्या गोष्टी सुटल्या त्यांची यादी करावी आणि सोप्याकडून अवघडाकडे लावावी. एकाच्या यादीत चहाच्या गाड्यावरचा काचेचा ग्लास, मग बसमधील दांडा धरणे, मग न्हाव्याकडे दाढी, मग दातांच्या डॉक्टरकडे जाणे आणि शेवटी एआरटी केंद्राच्या दारासमोरून जाणे असा क्रम होता. एक पायरी रोज करावी, ती करताना भीती निम्म्याने उतरेपर्यंत तेथेच राहावे आणि नंतर हात जंतुनाशकाने धुणे, अंगावर कापले का पाहणे, कोणाला विचारणे यांपैकी काहीही करू नये. हा शेवटचा भाग गाळला तर पहिल्याचा उपयोग होत नाही. मानसोपचारात याच पद्धतीला सर्वांत भक्कम आधार आहे, आणि भीती तीव्र असेल तर ती प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली करणे श्रेयस्कर.

अपराधाची भावना

आपल्या भागातील अनेक प्रकरणांत एचआयव्हीची भीती हे वरचे पूट असते आणि खाली अपराधाची बोच असते : लग्नाआधीचा एखादा प्रसंग, लॉजवरची रात्र, मित्रांच्या आग्रहाने केलेली गोष्ट. माणसाला आत कोठेतरी शिक्षा व्हायला हवी असे वाटत असते आणि निगेटिव्ह अहवाल त्याला सुटका वाटण्याऐवजी हुलकावणी वाटतो. अशा वेळी चाचणीने काही साधत नाही. त्या प्रसंगाबद्दल समुपदेशकाशी मोकळेपणाने बोलण्याने साधते. भीतीच्या भरात रात्री दोन वाजता बायकोला सगळे सांगून मोकळे होण्याची उबळ येते, तीही बहुतेकदा दिलासा मिळवण्याचीच एक रीत असते. जोडीदाराला खरी जोखीम असेल तर सांगणे आणि तिची चाचणी करणे कर्तव्यच आहे. तशी जोखीम नसेल, तर सांगायचे की नाही हा नात्याचा प्रश्न आहे आणि तो मन शांत असताना, विचारपूर्वक ठरवावा.

स्त्रियांची बाजू वेगळी सांगितली पाहिजे. नवरा वर्षातून दोनदा घरी येतो, विचारले तर चिडतो, अशा परिस्थितीतील बाईची काळजी ही उगाचची नसते आणि तिला ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून गप्प करणे अन्यायाचे आहे. तिने आशा कार्यकर्तीला किंवा समुपदेशकाला विश्वासात घेऊन चाचणी करावी. गरोदरपणात तर ती नियमित तपासणीतच होते. काळजीला आधार आहे का, हे आधी पाहायचे आणि मगच तिला चिंतेचा आजार म्हणायचे, हा क्रम कधी उलटवू नये.

घरच्यांनी काय करावे

पुन्हा पुन्हा ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगणे हे प्रेमापोटी होते, पण ते चक्राला वंगण घालते. नाही म्हणायचे ते विचाराला, माणसाला नव्हे. शहापुरातील एका घरात धाकटा दीर रोज रात्री म्हणायचा, “वहिनी, माझी जीभ बघा की जरा.” समुपदेशनानंतर वहिनींनी उत्तर बदलले : “भावजी, काल बघितली होती, आज नाही बघणार मी. भीती वाटायल्या काय? मग हितं बसा, जेवणाचं बघूया, बोलत बसूया.” पहिले काही दिवस तो रुसला, चिडला. वहिनींनी आवाज चढवला नाही आणि जीभही पाहिली नाही. घरातील सर्वांचे उत्तर एकच असणे येथे महत्त्वाचे, नाहीतर वहिनींनी नाकारलेला प्रश्न आईकडे जातो.

तज्ज्ञांची मदत केव्हा आणि कोठे

अंतिम अहवालानंतरही महिना-दोन महिने झोप, काम किंवा जेवण बिघडलेले असेल, दिवसातील तासभराहून अधिक वेळ याच विचारांत जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. बेळगावातील जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि धारवाडची डिम्हान्स ही सरकारी संस्था तर याच कामासाठी आहे. टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. फोन लागल्यावर भाषा निवडता येते. मराठीतच मन मोकळे होत असेल, तर आधी तेथे बोलावे. जीव द्यावासा वाटत असेल, तर थांबू नये : घरातील एकाला जागे करून सांगावे, त्याच वेळी १४४१६ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.

डॉक्टर सेर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधे देऊ शकतात. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, मंत्रचळाचा आजार (ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होणे) असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे दहा दिवसांत गुण नाही म्हणून ती सोडू नयेत आणि बरे वाटू लागल्यावर मनाने बंदही करू नयेत. या औषधांची चटक लागत नाही. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या झोपेच्या किंवा ‘टेन्शनच्या’ गोळ्यांची मात्र लागते, आणि दारूने मिळालेली झोप दुसऱ्या दिवशी भीती वाढवूनच जाते.

भीती परत आली तर

ती परत येते. साध्या तापाच्या वेळी, लग्न ठरल्यावर, बायको गरोदर राहिल्यावर, एक डिसेंबरच्या एड्स दिनाच्या बातम्या पाहिल्यावर. अशा वेळी नवी जोखीम घडली आहे का, एवढाच प्रश्न विचारावा. घडली असेल तर वरील क्रम पहिल्यापासून लावावा. घडली नसेल तर जुना कागद काढावा, त्यावरील स्वतःची सही पाहावी, नवी चाचणी करू नये, आणि तपासणे थांबवण्याच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी; या वेळी ती पूर्वीपेक्षा लवकर पार होते. काही जणांची भीती एचआयव्हीवरून उठून हृदयविकारावर किंवा कर्करोगावर जाऊन बसते. नाव बदलले तरी तपासणे, विचारणे, शोधणे हे चक्र तेच असते. त्यामुळे नव्या आजाराचा तज्ज्ञ शोधत फिरण्याआधी ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचार घेतले त्यांचीच पुढची वेळ घ्यावी.